रणांगणावरून अद्भुताकडे

विसाव्या शतकातील युद्धे ज्यांनी अगदी जवळून, म्हणजे खंदकातल्या चिखलात उभे राहून किंवा हेलिकॉप्टरच्या उघड्या दारात मशीनगन धरून पाहिली, त्यांच्यापैकी काही जणांनी घरी परतल्यावर लेखणी हाती घेतली आणि तिच्यातून ड्रॅगन, चेटकिणी, बोलणारे ससे आणि कोणत्याही नकाशात न सापडणारी राज्ये उतरू लागली, ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. ज्याने खरी तोफ ऐकली आहे त्याला खोट्या राक्षसाची गरज का पडावी, हा प्रश्न टोल्कीन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तीन खंड १९५४-५५ साली बाहेर आल्यापासून, म्हणजे सुमारे सत्तर वर्षे, इंग्रजी समीक्षेत रेंगाळत राहिला आहे. त्याला जी निरनिराळी उत्तरे देण्यात आली, ती एकत्र मांडून त्यांतली कोणती कसाला उतरतात हे पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सर्वांत जुने आणि सर्वांत सोपे उत्तर पलायनाचे. अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सन यांनी १९५६ साली 'द नेशन' या नियतकालिकात टोल्कीन यांच्या ग्रंथाचा जो समाचार घेतला, त्यात त्याला पोरकट ठरवून निकालात काढले होते. या प्रसंगातली गंमत अशी, की विल्सन हेही पहिल्या महायुद्धाचे माजी सैनिकच. फ्रान्समधील व्हितेल येथे लष्करी रुग्णालयात जखमींची शुश्रूषा करण्याचे काम त्यांनी केले होते. तेव्हा हा वाद युद्ध पाहिलेला आणि न पाहिलेला यांच्यातला नाही. एकाच युद्धातून आलेल्या दोन माणसांतला आहे, आणि म्हणूनच युद्धाचा अनुभव माणसाला आपोआप अद्भुताकडे नेतो असे कोणी म्हणू लागल्यास त्याला विल्सन यांचे नाव ऐकवावे.

पलायनाच्या आरोपाला टोल्कीन यांनी आधीच, १९३९ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठातील व्याख्यानात, उत्तर देऊन ठेवले होते, आणि ते उत्तर शिपायाचे आहे. कैदेत पडलेल्या माणसाने सुटकेचा विचार करणे आणि पलटण सोडून फरारी होणे या दोन गोष्टींची गल्लत टीकाकार करतात, असा त्यांचा मुद्दा होता. ज्या सैन्यात फरारी शिपायांना गोळी घालण्याची शिक्षा प्रत्यक्ष अमलात येत होती, त्या सैन्यात अधिकारी राहिलेल्या माणसाने हा दृष्टान्त अजाणता निवडला असेल, असे मला वाटत नाही. परीकथेची आपली आवड भाषाशास्त्राच्या अभ्यासातून जागी झाली, पण पूर्णपणे सचेत झाली ती युद्धामुळे, अशी कबुलीही त्याच व्याख्यानात आहे.

दुसरे उत्तर रूपकाचे. मुद्रिका म्हणजे अणुबाँब, काळा मुलूख म्हणजे जर्मनी किंवा रशिया, अशी कोष्टके मांडण्याचा उद्योग पुष्कळ झाला. ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लेखकाने त्याचा स्पष्ट इन्कार केला आणि जाता जाता सांगितले, की लोकांना १९३९ चे युद्ध आठवते, पण १९१४ साली तारुण्यात सापडलेल्या पिढीची होरपळ काही कमी नव्हती. १९१८ पर्यंत आपल्या निकटच्या मित्रांपैकी एक सोडून सारे मरण पावले होते. रूपकवाद्यांनी या प्रस्तावनेतला इन्कार तेवढा उचलला, पुढचे वाक्य वाचलेच नाही. एका वस्तूच्या जागी दुसरी ठेवून कोडे सोडवावे तशी कादंबरी सोडवणारी ही समीक्षा मला सर्वांत निरुपयोगी वाटते.

तिसरा पक्ष पॉल फसेल यांचा. हेही माजी सैनिक; दुसऱ्या महायुद्धात पायदळाचे लेफ्टनंट असताना १९४५ साली फ्रान्समध्ये जखमी झालेले. 'द ग्रेट वॉर अँड मॉडर्न मेमरी' या १९७५ च्या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले, की पहिल्या महायुद्धाने उदात्त भाषेचे दिवाळे काढले आणि तेथून पुढे प्रामाणिक माणसाला बोलण्यासाठी उपरोधाचीच वाणी उरली. या सिद्धान्ताने दोन पिढ्यांच्या अभ्यासकांवर राज्य केले. परंतु फसेल यांच्याच ग्रंथात एक प्रतिकूल पुरावा दडलेला आहे: खंदकातले शिपाई मध्ययुगीन शोधयात्रांच्या कथा आणि विल्यम मॉरिस यांच्या अद्भुतिका आवडीने वाचत होते, आणि नांगरलेल्या भूमीसारखा उलथापालथा झालेला तो प्रदेश त्यांना त्या कथांतल्या शापित रानासारखा भासत होता. १९१४ सालच्या सप्टेंबरात आर्थर मॅकन यांनी एका वृत्तपत्रात लिहिलेल्या कल्पित कथेतले धनुर्धारी पुढे 'मॉन्सचे देवदूत' म्हणून खरे मानले गेले. अल्बेर गावच्या चर्चच्या शिखरावर तोफांच्या माऱ्याने आडवी होऊन लोंबणारी मेरीची सोनेरी मूर्ती पडेल त्या दिवशी युद्ध संपेल, अशी वदंता सैन्यात होती. उपरोध होता, पण त्याच्या शेजारी अद्भुतही नांदत होते.

चौथा पक्ष टॉम शिपी यांचा, आणि तो अधिक वजनदार आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या टोल्कीनविषयक ग्रंथात त्यांनी असे दाखवले, की गळ्यातून गोळी आरपार गेलेले ऑर्वेल, नौदलात लढलेले गोल्डिंग, ड्रेस्डेनच्या बाँबहल्ल्यात युद्धकैदी म्हणून वाचलेले व्हॉनेगट आणि टोल्कीन या सर्वांना आपल्या शतकातील पापाविषयी काही सांगायचे होते, आणि त्यासाठी वास्तववादी कादंबरी अपुरी पडली म्हणून त्यांनी अद्भुताचा आश्रय घेतला. त्यानंतर २००३ मध्ये जॉन गार्थ यांनी पलटणीची दप्तरे, रोजनिशा आणि पत्रे धुंडाळून टोल्कीन यांच्या युद्धकाळाची जवळजवळ दिवसागणिक हकीकत सिद्ध केली. आज या विषयावर बोलायचे तर या दोघांना वगळून बोलता येत नाही. माझी तक्रार एवढीच, की शिपी यांची दृष्टी पापावर खिळलेली आहे, आणि शिपायाच्या आयुष्यात पापापेक्षा उवा, ओले पायमोजे आणि शेजारचा माणूस यांचे प्रमाण फार मोठे असते. या कादंबऱ्यांतले युद्ध शोधायचे ते तिथे, आणि घरी परतल्यानंतरच्या प्रकरणांत. लढायांच्या वर्णनांत ते सर्वांत कमी असते.

टोल्कीन यांचेच उदाहरण घेऊ. ऑक्सफर्डची परीक्षा आटोपून ते १९१५ साली लँकेशायर फ्युझिलियर्समध्ये रुजू झाले आणि १९१६ च्या जूनमध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, फ्रान्समध्ये जाऊन अकराव्या पलटणीत दाखल झाले. त्यांचा हुद्दा संदेशवहन अधिकाऱ्याचा. दूरध्वनीच्या तारा तोफगोळ्यांनी तुटत, शत्रू त्या चोरून ऐके, म्हणून निशाणे, दिवे, कबुतरे आणि धावत जाणारे जासूद यांच्यावर भिस्त ठेवावी लागे. आपली तुकडी पुढे नेमकी कुठवर पोहोचली हे मागच्या अधिकाऱ्यांना तासन्‌तास कळत नसे. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावे. सबंध ग्रंथात कोणालाही दुसरी तुकडी कुठे आहे हे ठाऊक नसते. खलिते उशिरा येतात, शुभवार्ता निरुपयोगी झाल्यावर पोहोचतात, आणि जगाचा निकाल ज्यांच्या हाती आहे ते दोघे जण दरवाजापुढे आपल्यासाठी लढाई चालली आहे हे न जाणता डोंगर चढत असतात. अज्ञानाचे हे वातावरण ड्रॅगनच्या वर्णनांतून आलेले नाही. फ्रान्समधल्या सॉमच्या लढाईतल्या तुटक्या तारांतून आलेले आहे.

सॉमच्या पहिल्याच दिवशी, १ जुलै १९१६ रोजी, त्यांच्या चौघा शाळकरी मित्रांच्या मंडळातला रॉब गिल्सन ठार झाला, डिसेंबरात जी. बी. स्मिथ तोफगोळ्याच्या जखमांनी गेला. या स्मिथने त्या वर्षाच्या आरंभी रात्रीच्या गस्तीवर निघण्यापूर्वी टोल्कीन यांना पत्र लिहून कळवले होते, की मी मेलो तरी जे मला सांगायचे होते ते तू सांग. टोल्कीन स्वतः वाचले ते उवांमुळे. उवांपासून होणारा खंदकज्वर त्यांना ऑक्टोबरअखेर जडला, नोव्हेंबरात ते इंग्लंडला परत पाठवले गेले आणि पुन्हा आघाडीवर जाण्याइतके धडधाकट झालेच नाहीत. त्यांची पलटण १९१८ च्या मे महिन्यात एनच्या लढाईत जवळपास नामशेष झाली. आजारपणाच्या त्या रजेत त्यांनी जी पहिली मोठी कथा लिहिली ती गोंडोलिन नगराच्या पाडावाची, आणि तिच्यात पोटात सैनिक भरून नगराच्या तटावर चालून येणारे लोखंडी प्राणी आहेत. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सॉमवरच जगातला पहिला रणगाडा युद्धात उतरला होता. येथे युद्धाची छाया उघड आहे; पण ती उघड आहे म्हणूनच मला ती फारशी मोलाची वाटत नाही. पंचविशीतल्या लेखकाने ताजा अनुभव सरळ उचलून कथेत ठेवला, इतकेच.

परिपक्व टोल्कीन दिसतात ते 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा नायक फ्रोडो याच्या चाकरामध्ये, सॅममध्ये. महायुद्धात आपल्याला भेटलेले साधे शिपाई आणि अर्दली, ज्यांना आपण स्वतःहून कितीतरी श्रेष्ठ मानत होतो, त्यांची प्रतिमा म्हणजे सॅम, असे त्यांनी सांगितले आहे. इंग्रजी फौजेत अधिकाऱ्याला अर्दली असे. तो त्याचे बूट साफ करी, चहा करी, सामान वाही, आणि प्रसंगी त्याला खांद्यावर घेऊन मागे आणी. सॅम हे सारे करतो. स्वयंपाकाची भांडी तो ओसाड मुलुखापर्यंत वाहून नेतो आणि टाकून द्यावी लागतात तेव्हा त्याच्या जिवाला चटका बसतो. धनी आणि चाकर यांचे हे नाते आजच्या वाचकाला खटकते, आणि खटकावेच. पण ते जसे होते तसे त्यात उतरले आहे, आणि शेवटी धनी चाकरापेक्षा दुबळा ठरतो हेही उतरले आहे. अधिकारीवर्गातल्या फारच थोड्या लेखकांनी आपल्या आठवणींत इतके मोकळेपणाने हे मान्य केले असेल.

आणि मग परतणे. फ्रोडो आणि सॅम ज्या ठेंगू जमातीचे त्या जमातीतले चौघे हॉबिट घरी येतात तेव्हा गाव बदललेले असते, झाडे तोडलेली असतात, गिरणीचा धूर कोंदलेला असतो. चिलखत घालून मिरवणाऱ्या दोघांची गावात वाहवा होते. ज्याने खरा भार वाहिला त्या फ्रोडोला कोणी विचारीत नाही. भोसकल्याची तारीख ६ ऑक्टोबर आणि दंशाची १३ मार्च. त्या तारखा दर वर्षी आल्या की तो आजारी पडतो आणि आजार लपवतो. विजयाने त्याची जखम भरत नाही. अखेर त्याला तो देश सोडूनच जावे लागते. कुरुक्षेत्र जिंकल्यावर राज्य नको म्हणून वनात जायला निघालेला युधिष्ठिर ज्यांच्या परिचयाचा आहे त्या आपल्या वाचकांना हे प्रकरण परके वाटू नये. माझ्या मते या एका प्रकरणाखातर तिन्ही खंड वाचावेत.

टोल्कीन यांचे मित्र सी. एस. लुईस यांची गोष्ट वेगळी. ते आघाडीवर पोहोचले त्या दिवशी, २९ नोव्हेंबर १९१७ रोजी, त्यांचा एकोणिसावा वाढदिवस होता. पुढच्या एप्रिलमध्ये तोफगोळ्याच्या तुकड्यांनी ते जखमी झाले. पहिली गोळी कानावरून गेली तेव्हा होमरने लिहिले ते हेच, असे मनात आल्याचे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे, आणि युद्ध जणू दुसऱ्या कोणाला घडले असावे इतके ते आपल्यापासून तुटलेले आहे, असेही. त्यांच्या नार्नियाच्या कथांत मुले अद्भुत देशात युद्धे करून, राज्ये भोगून कपाटातून परत येतात तो घरी एक क्षणही गेलेला नसतो. लुईस यांनी युद्ध मिटवून टाकले. म्हणून नार्नियातल्या लढाया पुस्तकी राहिल्या. मित्राच्या ग्रंथावर लिहिताना मात्र त्यांची आठवण जागी झाली: युद्धातले अर्थहीन वाटणारे स्थलांतर, सज्ज आघाडीवरची अशुभ शांतता आणि एखाद्या पडक्या घरात अवचित सापडलेला उत्तम तंबाखू, हे सारे आपल्या पिढीला ओळखीचे आहे, असे त्यांनी १९५५ साली लिहिले.

याच सॉमवर मामेत्सच्या रानात जखमी झालेला डेव्हिड जोन्स वीस वर्षे थांबला आणि १९३७ साली 'इन पॅरेन्थिसिस' घेऊन आला. त्यात वेल्श पुराणे आणि खंदकातली शिपाईभाषा एकमेकांत अशी विणलेली आहेत की अद्भुत कुठे सुरू होते हे सांगता येऊ नये. कादंबरी म्हणून ते वाचले जात नाही, म्हणून येथे केवळ उल्लेख. मर्विन पीक यांचाही असाच. फौजेत त्यांचे मन कोसळले. पुढे १९४५ साली चित्रकार म्हणून ते नाझींच्या बेल्सन छळछावणीत गेले आणि मरणासन्न माणसांची चित्रे काढल्याची टोचणी त्यांना जन्मभर लागली. 'टायटस अलोन' या त्यांच्या कादंबरीतील काळा कारखाना त्या छावणीशिवाय समजत नाही.

दुसऱ्या महायुद्धातून आलेले सर्वांत अनपेक्षित पुस्तक सशांचे आहे. रिचर्ड ॲडम्स हे हवाई मार्गाने उतरणाऱ्या सैन्याच्या रसद खात्यातील २५० क्रमांकाच्या कंपनीत अधिकारी होते. मुलींना मोटारीत सांगितलेल्या कथेतून वाढलेली त्यांची 'वॉटरशिप डाउन' १९७२ साली निघाली, आणि तिचा नायक हेझल म्हणजे आपले मेजर, तर दांडगट बिगविग म्हणजे आर्नमच्या लढाईत मरण पावलेला आपला कॅप्टन, असे त्यांनी आत्मचरित्रात सांगितले. हेझल सर्वांत बलवान नाही, सर्वांत हुशारही नाही. कोणाकडून कोणते काम होईल हे त्याला कळते आणि तो आवाज चढवत नाही. नेतृत्वाविषयी लष्करी महाविद्यालयांत जे शिकवले जाते त्यापेक्षा या सशाकडून अधिक शिकता येईल, असे मी गांभीर्याने म्हणतो. लॉईड अलेक्झांडर यांना वेल्स प्रथम दिसला तो अमेरिकन फौजेत प्रशिक्षण घेताना, आणि तेथून त्यांची प्रिडेनची मालिका आली. त्यांचे युद्ध मात्र खरे उतरले ते 'द केस्ट्रेल'मध्ये, जिथे सज्जन तरुण मारता मारता मारण्यातच रमू लागतो.

व्हिएतनामनंतर चित्र पालटते. 'द व्हील ऑफ टाइम' ही १९९० साली सुरू झालेली आणि लेखकाच्या मृत्यूनंतर दुसऱ्या हाताने २०१३ मध्ये चौदाव्या खंडाने पुरी झालेली मालिका लिहिणारे रॉबर्ट जॉर्डन हे व्हिएतनाममध्ये दोन वेळा हेलिकॉप्टरवर मशीनगन चालवणारे सैनिक होते. साथीदारांनी त्यांना दोन टोपणनावे दिली होती. पहिले 'गणेश', विघ्ने दूर करणारा म्हणून. ते त्यांना आवडे. दुसरे 'बर्फाचा माणूस', आणि त्याविषयी त्यांनी लिहिले आहे ते वाचण्यासारखे आहे. शेजारी शत्रूची प्रेते पडलेली असताना ओंडक्यावर बसून निर्विकारपणे डब्यातले अन्न खाणाऱ्या एका तरुणाचे छायाचित्र त्यांच्यापाशी होते. तो तरुण ते स्वतः. या माणसाला आईवडिलांच्या घरी नेता येणार नाही असे ठरवून आपण त्याला मारले, छातीत खुंटी ठोकली आणि सायगावबाहेरच्या चौरस्त्यावर पालथा पुरला, असे ते सांगतात. पिशाच गाडण्याचा हा विधी युरोपीय लोककथेतला आहे. आपल्याच आयुष्यातली सर्वांत खरी गोष्ट सांगताना या माणसाला लोककथेचीच भाषा सुचली, यात आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आले. त्यांच्या कादंबऱ्यांचा नायक आपल्यामुळे मेलेल्या स्त्रियांची नावे मनात घोकत राहतो. मालिका पाल्हाळिक आहे, मधले काही खंड तर असह्य आहेत, पण ती यादी लेखकाने उसनी आणलेली नाही.

अमेरिकन नौदलात काम केलेले ग्लेन कुक यांनी मोटारीच्या कारखान्यात जुळणीच्या साखळीवर काम करता करता लिहिलेल्या 'द ब्लॅक कंपनी'त (१९८४) राजे आणि जादूगार दूर कुठेतरी असतात. कथा सांगतो तो भाडोत्री पलटणीचा वैद्य, जो तिची बखरही लिहितो. पत्ते, कुरकुर, पाऊस, आणि आपण कोणाच्या बाजूने लढतो आहोत याविषयी न विचारण्याचा अलिखित करार. मरीन दलात लेफ्टनंट राहिलेल्या एलिझाबेथ मून यांच्या कादंबरीतली मेंढपाळाची मुलगी तलवार मिळण्यापूर्वी कवायत आणि साफसफाईच करत असते. हे लेखक टोल्कीन यांच्या उंचीचे नाहीत, पण त्यांनी अद्भुतिकेत प्रथमच शिपायाचा खर्डा आणला.

या सर्वांत सूक्ष्म मला जीन वुल्फ वाटतात. कोरियात लढून आलेल्या या अभियंत्याने १९८६ साली 'सोल्जर ऑफ द मिस्ट' लिहिली. इसवीसनापूर्वी ४७९ मधील प्लॅटियाच्या लढाईत डोक्याला जखम झालेला एक भाडोत्री शिपाई दर दिवशी काल विसरतो. म्हणून तो सारे गुंडाळीवर लिहून ठेवतो आणि सकाळी स्वतःचाच मजकूर परक्यासारखा वाचतो. त्याच जखमेमुळे त्याला देव दिसतात, मात्र काल ज्याने जीव वाचवला तो मित्र आठवत नाही.

प्रतिवाद करणाऱ्यांचेही ऐकले पाहिजे. अद्भुताची उत्तुंग शिखरे बंदूक न धरलेल्यांनीही गाठली आहेत. अर्सुला ले ग्विन हे नाव पुरेसे आहे. शिवाय चरित्रातून कादंबरी समजावण्याची सवय लागली की प्रत्येक चिखल सॉमचा होऊन बसतो. खुद्द टोल्कीन यांनी आपल्या ग्रंथातल्या मृतांच्या दलदलीवर सॉमनंतरच्या उत्तर फ्रान्सचे काहीसे ऋण मान्य केले, पण मॉरिस यांच्या कथांचे ऋण त्याहून अधिक सांगितले. हा इशारा मी मानतो, आणि म्हणूनच दलदलीपेक्षा अर्दलीकडे बोट दाखवतो.

आपल्याकडचे काय? टोल्कीन फ्रान्सला निघण्याच्या काही आठवडे आधी, २९ एप्रिल १९१६ रोजी, कूत-अल्-अमारा येथे सहाव्या पुणे डिव्हिजनने शरणागती पत्करली; त्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या. फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रे सेन्सॉरच्या दप्तरात उतरून राहिली, त्यांत हे युद्ध महाभारतातल्यासारखे आहे, हा जगाचा अंत आहे, असे लिहिलेले सापडते. गोऱ्या आणि काळ्या फौजांविषयी लिहिताना लाल आणि काळी मिरी अशी सांकेतिक भाषाही. म्हणजे अनुभव होता, पुराणांची भांडारे होती, सांकेतिक बोलण्याची कलाही होती; पण लिहिणारा बहुधा पत्रलेखनिक होता आणि शिपायाला अक्षरओळख नव्हती. पुढे मराठा लाइट इन्फंट्रीत अधिकारी झालेल्या मनोहर माळगावकरांनी पलटणीचे आयुष्य कादंबरीत आणले, पण इंग्रजीत आणि वास्तववादी रीतीने.

ज्यांना या वाङ्मयाची ओळख करून घ्यायची आहे त्यांनी आरंभ 'वॉटरशिप डाउन'पासून करावा, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' घाई न करता शेवटच्या प्रकरणांपर्यंत न्यावा, आणि मग वुल्फ यांच्याकडे वळावे. जॉर्डन यांच्या मालिकेचे चौदा खंड ज्याला सवड आहे त्यानेच हाती घ्यावेत.